त्या साली मणी टपोरे झाले

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या नाशकात स्वेटर दुपारी नकोसा होतो आणि सकाळी सोडवत नाही. पेठ रोडच्या वळणावर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. खाली वर्तमानपत्रं, वर घडांचा ढीग, भोवती मधमाश्यांची ये-जा, आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या मालाचा तो किंचित आंबूस वास. परवा मी अशाच एका गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, “बारीक मण्यांचे घड आहेत का?”

“बारीक?” गाडीवाला हसलाच. “ताई, लोकं मोठा मणी मागत्यात. ह्यो बघा, सुपारीवानी हाय.”

मला मोठा नको होता. का नको ते सांगत बसले असते तर त्याचा धंदा बुडाला असता, म्हणून मुकाट्याने त्याने दिले ते घेतले. घरी आणून ओट्यावर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मोलकरणीला देऊन टाकले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात या दिवसांत द्राक्षं असतात. कुणी काही विचारलेलं नसतं, तरी मी आपली उत्तरं जुळवत असते.

खरं तर मोठं ते चांगलं, हे आम्हाला बाळकडूतूनच पाजलेलं. आमचं माहेर मखमलाबादचं. भाजीपाला आणि फुलं. मेथीची जुडी बांधायची ती अशी की आतल्या काड्या दडल्या पाहिजेत आणि पानांचा पिसारा बाहेर. गुलाबाच्या गुच्छात टपोरी फुलं समोर, खुरटी पाठीशी. वडील म्हणायचे, “गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खातं, मग तोंडानं.” गंगापूरच्या पाटाचं पाणी आलं की वांगी पोरींच्या गालांसारखी फुगायची आणि वडिलांची मान ताठ व्हायची. लहान फळ म्हणजे हयगय, आळस, पाणी चुकलेलं. आमच्याकडे लहान फळ हा जवळजवळ एक गुन्हाच होता.

सुनंदा त्याच बांधावरची. म्हणजे अगदी अक्षरशः; त्यांचा बांध आणि आमचा बांध एकच होता, आणि त्यावरून आमच्या वडिलांची दर पावसाळ्यात भांडणं व्हायची. आम्ही दोघी मात्र त्या बांधावर बसून चिंचा खायचो. नव्वदच्या दशकात आमची लग्नं एकापाठोपाठ झाली. मी शहरातच राहिले, शाळेत शिक्षिका झाले. सुनंदाला दिंडोरीकडचं द्राक्षवाल्यांचं घर मिळालं, आणि सगळं मखमलाबाद म्हणालं, पोरीनं नशीब काढलं.

त्या घरात बागेचा कारभार सुनंदाच्या सासूचा होता. आक्का. अंगाने काडी, आवाजाने नगारा. आक्का कात्री घेऊन वेलीखाली शिरल्या की मजूर बायांची कुजबुज थांबायची. कुठला मणी काढायचा, कुठला ठेवायचा, घड औषधाच्या पाण्यात कधी बुडवायचा म्हणजे मणी फुगेल, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. घड बुडवायच्या त्या कामाला सगळे ‘डिपिंग’ म्हणतात. आक्का ‘डीप देणं’ म्हणायच्या. त्यांच्या बागेची द्राक्षं पेटीत कागदावर मांडलेली पाहिली की हात लावायला भीती वाटायची. मी एकदा म्हणाले, “आक्का, किती सुंदर!” तर म्हणाल्या, “मास्तरीणबाई, सुंदर तुमची साडी. द्राक्ष टपोरं असतं.”

मग वाइनचे दिवस आले. दोन हजारच्या पुढे दोन-चार वर्षांत आमच्याकडे जो तो वाइनची भाषा बोलायला लागला. ज्यांनी आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं असे माळकरी लोकसुद्धा पारावर बसून ‘शिराज’ आणि ‘शेनिन’ अशी वाइनच्या द्राक्षांची नावं घ्यायला लागले. सुनंदाचे यजमान प्रकाशराव शांत माणूस, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. त्यांनी खायच्या द्राक्षांची जुनी बाग काढून शिराज लावली. जवळच्या एका वाइन कंपनीशी बोलणं केलं. आक्कांना दारूचं एवढं वावडं नव्हतं. त्यांचा राग वेगळाच होता. “खायची नाय तर लावता कशाला?” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. काळी, बारकी, आत बी असलेली, जाड सालीची द्राक्षं. पाहुण्यांपुढे ठेवायची सोय नाही.

आणि एका ऑक्टोबरात त्या बागेची पहिलीच फळाची छाटणी उरकून नाशकाला येताना आडगावच्या पुढे हायवेवर प्रकाशरावांची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

त्यावर मला फार लिहिता येणार नाही. त्या साली त्या घरात दिवाळीला पणती नव्हती, संक्रांतीला तीळ नव्हता. आक्का भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारा धाकटा दीर रमेश सुनंदाला म्हणाला, “वहिनी, हा हंगाम बघू. नाय जमलं तर बाग मी बघतो.” वाईट मनाने म्हणाला असं नाही. पण बाग त्याच्या हातात गेली की सुनंदाने आयुष्यभर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे तिला कळत होतं आणि मलाही.

अशात एका सकाळी आक्का उठल्या. स्वतःहून. डोक्यावर पदर घेऊन लेकाच्या बागेत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “अगं, घड बघ कसे राह्यलेत! मुगाएवढाले मणी! बाप नसल्यावानी बाग झाली.” त्याच दिवशी त्यांनी औषध आणवलं, बादल्या भरवल्या, बाया बोलावल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने घड आत बुडवायचा, झटकायचा, पुढचा घड. सुनंदाही डबा घेऊन उभी राहिली. ठिबकचं पाणीही वाढवलं. प्रकाशराव गेल्यापासून त्या घराने एकत्र केलेलं ते पहिलं काम. त्या दिवशी आक्कांनी स्वतःहून भाकरी मागितली, असं सुनंदाने मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी रडलो होतो.

मणी फुगले. असे फुगले की शेजारचे बघायला आले.

हंगाम तोंडावर आला आणि कंपनीचा माणूस आला. तरुण होता, सभ्य होता. त्याने एक मणी तोडला, चावला, साल बोटावर घेऊन उन्हात धरली, आणि हळू आवाजात म्हणाला, “ताई, हे काय करून बसलात?” वाइनला मणी लहानच लागतो. रंग, चव, सगळं सालीत असतं. मणी फुगला की साल तेवढीच आणि आत नुसतं पाणी. गोडी उतरलेली, रंग फिका. बाजारात न्यावीत तर बीवाली, जाड सालीची द्राक्षं खाणार कोण? न वाइनची, न खायची. त्याने हात जोडले आणि तो गेला. आक्का तेव्हा दूर गोठ्याकडे होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नाही.

आयुष्यभर खायची द्राक्षं पिकवलेल्या माणसांशिवाय ही चूक कुणी करू शकत नाही. आळशी माणसाची बाग त्या साली उत्तम गेली असती.

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात होते. “शैले, तुझी गाडी घेऊन येशील? दुसऱ्या वायनरींना विचारते. पिकअप घेऊन हिंडले तर गावभर होईल.”

आता माझ्या मनाला टोचणारी गोष्ट सांगते. आम्ही नुकतीच एक जुनी मारुती घेतली होती. मी देवळाली कॅम्पातल्या मोकळ्या, सावलीच्या रस्त्यांवर चालवायला शिकले होते. तिथे गाडी बंद पडली तरी मागे हॉर्न वाजवायला कुणी नसायचं. पण शहराबाहेर, नवरा शेजारी बसून ‘क्लच, क्लच’ न करता, मी कधी गेले नव्हते. सुनंदाचा फोन ठेवला आणि मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला आनंद झाला होता. मी रजा टाकली. दशम्या केल्या, तीळ लावून. नवा पंजाबी ड्रेस घातला. निघताना रोलचा कॅमेरासुद्धा पर्समध्ये टाकला. मैत्रिणीच्या अडीअडचणीला धावून जाताना कुणी कॅमेरा घेतं का? मी घेतला.

सकाळी सुनंदाला तिच्या घरून घेऊन दिंडोरी रोडला लागलो तेव्हा धुकं विरत होतं. डिकीत नमुन्याचे क्रेट. दोन्ही बाजूंना बागा. कुठे घडांवर कागद बांधलेले, कुठे तोडणी चाललेली, कात्र्यांचा बारीक टकटक आवाज, गंधकाचा उग्र वास, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चाललेल्या बाया आणि त्यांच्या डोक्यावरचे टॉवेल. सुनंदा शेजारी गप्प. मी मात्र तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात गाडी किती अलगद गेली यावर खूश. मधेच लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. जीभ चावली आणि खोकल्याचं नाटक केलं.

पहिल्या ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी एका बाईने मणी बघितला, गोडी मोजायच्या काळ्या नळीसारख्या यंत्राच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ते उजेडाकडे धरलं आणि नकारार्थी मान हलवली. खेडगाववरून पिंपळगावला आलो. तिथे लिलाव, ट्रक, कांद्याच्या साली वाऱ्यावर. आम्ही झाडाखाली गाडी लावून दशम्या खाल्ल्या. तेव्हा सुनंदा पहिल्यांदा बोलली.

“मला आठवत होतं गं.”

“काय?”

“हे म्हणाले होते एकदा. नवीन बाग लावली तेव्हा. या घडांना काही करायचं नसतं, उपाशी ठेवायची ही द्राक्षं, म्हणाले होते. डबा हातात घेतला तेव्हा मला सगळं आठवत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“आक्का उठल्या होत्या शैले. किती दिवसांनी उठल्या होत्या. काय बोलू? परत झोपा म्हणू?”

मी उरलेल्या दशम्या तिच्या पुढ्यात सरकवल्या.

निफाडच्या पुढे एका ठिकाणी मोठं चकचकीत काम होतं. लाकडी टेबलं, काचा, हिरवळ. दारातल्या गोऱ्यागोमट्या माणसाला आम्ही मुंबईहून आलेल्या पाहुण्या वाटलो असणार, माझ्या नव्या ड्रेसची कृपा. आम्ही काही बोलायच्या आत त्याने आम्हाला बसवलं आणि उंच पेल्यांत तळाशी थोडी थोडी लाल वाइन ओतली. म्हणाला, “आधी गोल फिरवा. मग नाक आत घाला. आणि मनात पहिलं जे येईल ते सांगा.”

सुनंदाने पेला तांब्यासारखा दोन्ही हातांत धरला, नाक घातलं आणि गंभीरपणे म्हणाली, “ओलं गोणपाट.”

“वा!” तो माणूस टाळी वाजवायचा बाकी राहिला. “अगदी बरोबर! मातीचा गंध! फार कमी लोकांना पहिल्याच वेळी कळतो. अजून?”

“गोठा,” सुनंदा म्हणाली.

त्याला आनंद मावेना. मी ओढणीत तोंड घातलं होतं. मग सुनंदाने पेला खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, की आम्ही पाहुण्या नाही, माझी शिराज आहे, मणी फुगलेत, घेता का. त्याचा चेहरा बदलला, पण वाईट वागला नाही. त्यानेच सांगितलं, विंचूरच्या माळावर एक जण ब्रँडीसाठी हलका माल घेतो, तिथे बघा.

विंचूरच्या त्या माणसाने नमुना बघितला, नाक मुरडलं आणि घेतो म्हणाला. पडेल भावात. दुसऱ्या कुणाच्या मालात मिसळून, उकळून, ज्याची वाइन म्हणून कुठे ओळखही राहणार नाही अशा रीतीने. प्रकाशरावांची शिराज. सुनंदाने हो म्हटलं आणि गाडीत येऊन दार नीट लागलं नाही म्हणून तीनदा आपटलं.

परतताना नांदूर मधमेश्वरच्या पाण्यापाशी मी गाडी उभी केली. ऊन कलतं झालं होतं. पाण्यावर बदकांचे थवे, पल्याड कुणीतरी म्हशी धूत होतं, उसाच्या शेतातून गार वारा येत होता. आम्ही बांधावर बसलो, लहानपणी बसायचो तशा. मग म्हशींकडे बघत मी म्हणाले, “मातीचा गंध!”

सुनंदा हसली. आधी नाकातून, मग पोटातून. मी हसले. दोघी अशा हसलो की बदकं उडाली. पोटात कळा आल्या, डोळ्यांतून पाणी, एकमेकींच्या खांद्यावर डोकी. थांबायचं, एकमेकींकडे बघायचं, आणि परत सुरू. आणि मग ती हसता हसता एकदम थांबली. तोंडावर हात गेला.

“शैले, आता इतका वेळ मला त्यांची आठवणच नव्हती.”

तिचा चेहरा मी विसरलेले नाही. चोरी करताना पकडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. वर्षश्राद्ध व्हायचं होतं, द्राक्षं अशी गेलेली, आणि ती बांधावर बसून हसली होती. तिला वाटलं, आपण पाप केलं. तिला जवळ घेताना मला माझंच वाटत होतं, की ही बाई आज होरपळली आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर दिवसांतला हा एक दिवस आहे. गाडी, वारा, दशम्या, पाणी, ती गोठ्याची गंमत. मला घरी जावंसंच वाटत नव्हतं.

आक्कांना काय सांगायचं ते गाडीतच ठरलं. ठरवलं सुनंदाने. “आक्कांच्या हातून झालं हे त्यांना कळता कामा नये. तो धक्का सोसणार नाहीत त्या.” मी लगेच होकार दिला, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे वर मीठमसालाही लावला. घरी पोचलो तेव्हा आक्का अंगणात होत्या. सुनंदा म्हणाली, “जास्त चांगलं गिऱ्हाईक मिळालं, विंचूरला.” मी म्हणाले, “आक्का, मणी बघून साहेब खूश झाले. म्हणाले, हा हात कुणाचा?”

आक्का आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आमच्या चेहऱ्यांवर हसण्याचा लालसरपणा अजून असणार. मग म्हणाल्या, “हातपाय धुवा. च्या टाकते.”

माल विंचूरला गेला. बाग सुनंदाकडेच राहिली. रमेशने त्यानंतर विषय काढला नाही, आणि आम्हाला वाटलं की आमची थाप पचली. पुढच्या सालापासून सुनंदाने सूत्रं हातात घेतली. कंपनीचा तोच सभ्य माणूस परत आला, मणी बारीक राहिले, माल गेला. आक्का पुन्हा कधी बागेत शिरल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. गोठ्यातलं सगळं मात्र त्याच गुडघ्यांनी व्हायचं.

मधल्या काळात मी एकदा धीर करून सुनंदाला म्हणाले होते, “नंदे, त्या दिवशी मला फार मजा आली होती गं. मला अजून लाज वाटते.” ती कणीक मळत होती. हसली आणि म्हणाली, “मग बरंच झालं की. दोघींपैकी एकीला तरी आली.” संपलं. मला इतकं मोठं वाटलेलं, तिने पिठाचे हात झटकावेत तसं झटकून टाकलं. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही, उलट आत जाऊन बसलं.

गेल्या वर्षी हंगामातच मी तिच्याकडे गेले होते. ती बागेत तोडणीवर. निघताना आक्का म्हणाल्या, “मला हात दे, गाडीपोत येते.” त्यांचा हात हातात घेतला तर नुसती हाडं. गाडीशी आल्यावर त्यांनी हात सोडला नाही.

“मास्तरीणबाई, त्या साली डीप मी देववली. माझ्या लेकाची बाग मीच नासली.”

मी काही बोलायला तोंड उघडलं.

“गप. मला त्याच आठवड्यात ठाव झालं. रमेशला विंचूरच्या बाजारात कुणी सांगितलं, त्यानं मला सांगितलं. म्हणला, वहिनीकडून बाग काढून घेतो. मी म्हणले, बागेत पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. चूक तिची नाय.” मग जरा दम घेऊन म्हणाल्या, “पण सून एका शब्दानं बोलली नाय मला. इतकी वर्सं. ताटात वाढती, पाय दाबती. रोज वाटतं, आज बोलंल. एकदा तरी भांडायला पायजे व्हतं तिनं. बोलली असती, तर मी बी मोकळी झाले असते.”

गाडी फाट्यापर्यंत आणली आणि मला पुढे जाववेना. टपरीवर चहा घेतला, तो थंड झाला. आम्ही त्या दिवशी दया केली होती, त्या म्हातारीला धक्क्यातून वाचवलं होतं, आणि ती इतकी वर्षं ताटातल्या प्रत्येक घासाबरोबर ते गिळत होती. आमच्या चांगुलपणाने तिला बोलायची जागाच ठेवली नव्हती. गाडी वळवली आणि थेट बागेत गेले.

सुनंदाने ऐकून घेतलं. हातातली कात्री क्रेटमध्ये ठेवली. पदर खोचला आणि म्हणाली, “चल घरी.” अंगणात गाडी थांबायच्या आत उतरली.

“आक्का!” असा आवाज मी तिचा बांधावरच्या भांडणांनंतर ऐकला नव्हता. “त्या साली डीप कुणाला विचारून दिली?”

आतून लगेच नगारा वाजला. “कुणाला इचारू? बाग माझ्या लेकाची व्हती!”

“तुमच्या लेकाची, आणि माझ्या कुणाची होती? मर मर मरून लावली त्यांनी, आणि तुम्ही एका दिवसात पाणी केलं तिचं!”

“आणि तू कुठं व्हतीस गं? माझ्या शेजारी उभी व्हतीस, डबा घेऊन! तुला तोंड नव्हतं?”

“होतं! मला माहीत होतं सगळं! हे सांगून गेले होते मला!”

“मग बोलली का नाय सटवे?”

“तुमच्यापुढं कुणाला बोलता येतं? जन्मात कुणाला बोलू दिलंय तुम्ही?”

शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. गोठ्यातली गाय हंबरायला लागली. आत भांडं आपटलं, परत आवाज चढले, प्रकाशरावांचं नाव आलं, पहिल्यांदाच त्या घरात इतक्या मोठ्याने आलं, आणि मग कुणीतरी रडायला लागलं. पहिल्यांदा कोण ते कळलं नाही. मग दोघी. बऱ्याच वेळाने आक्कांचा आवाज आला, बसका, पण जुना: “नाक पूस आधी. भाकर खाणार का उपाशीच भांडणार?”

मी गाडीतच बसून राहिले, हात स्टिअरिंगवर. उतरून आत जावं असं वाटत होतं, जाऊन म्हणावं, मलाही काहीतरी बोला, त्या दिवशी मी नवा ड्रेस घालून आले होते, मला मजा आली होती. पण उघड्या दारातून दिसत होतं, आत त्या दोघी एका ताटात जेवायला बसल्या होत्या. माझ्याशी भांडायला कुणीच मोकळं नव्हतं.